वाणगावची लिदिया

वाणगाव
१८ नोव्हेंबर १९९४

श्री. चंद्रभान (पूर्वीचे कॉम्रेड पावेल) यांस,

तुझं पत्र मिळालं. तेरा वर्षं नऊ महिने माझा पत्ता तुझ्याकडे होता आणि तू तो जपून ठेवलास, वापरला नाहीस. एवढी काटकसर तुझ्या अंगात कधी नव्हती. तेव्हा पाकीट फोडायच्या आधीच समजलं, काम असणार.

पत्र टाइप केलेलं. मला वाटलं तहसीलदाराची नोटीस आली. खाली सही तेवढी शाईची, आणि तीही अशी, की शाईत पडलेली मुंगी जीव घेऊन पळाली असावी. सर्कशीत असताना पोस्टरवर 'पावेल' अशी झोकात सही करायचास, शेवटी शेपूट काढून. मोठा माणूस झाला की सही बिघडते म्हणतात. तसंच असेल.

मागणं समजलं. तरी पुन्हा लिहून काढते, म्हणजे माझ्या डोक्यात काही चुकलं असेल तर कळव. बोईसरच्या एका शाळेला स्केटिंग शिकवणारा मास्तर हवा आहे. तुला ती जागा हवी आहे. पण शाळेच्या कमिटीतल्या कुणाला तरी आठवलं, की या माणसाने पालघरच्या तंबूत आपली जोडीदारीण वरून पाडली होती. आता कमिटी म्हणते, त्या बाईचा कागद आणा. कागदावर असं हवं, की मी पडले ते स्केटचं चाक निखळल्यामुळे, तुझा हात सुटल्यामुळे नाही. कागद आला, की सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमात तू आपली जुनी 'रशियन लिफ्ट' करून दाखवणार, आणि वर उचलणार तुझ्या मुलीला. जमुना. वय साडेअकरा.

'तू लिहून दिलंस तर माझं आयुष्य मार्गी लागेल' असं लिहिलं आहेस. माझं कुठे लागलं ते विचारलं नाहीस, तरी सांगते. इथे फुग्यांचा एक कारखाना आहे. मी दिवसभर खुर्चीवर बसून फुगे फुगवते. छिद्र असेल तो टाकायचा, नसेल तो सोडायचा. डावा पाय दीड इंच कमी आहे, पण फुग्याला पाय लागत नाही, छाती लागते. मालक म्हणतो, 'कमळीबाय, तुमचा दम लय.' सर्कशीची मेहनत अशी कामाला आली.

कागदाचं बघू. आधी मुलीचं लिही. वजन किती? भिते का? आणि वर गेल्यावर तिला खाली कुठून घेतोस? नीट लिही. टाइप करायची गरज नाही.

कमळी
(माजी रशियन)


वाणगाव
९ डिसेंबर १९९४

चंद्रभान,

पुन्हा टाइप! असो. वजन एकोणतीस किलो, भीत नाही, आणि खाली 'आपल्या जुन्या पद्धतीने' घेतोस, एवढं कळलं. फोटोही मिळाला. पोरीची मान सरळ आहे, खांदे सैल आहेत. चांगली आहे. हनुवटी तुझी आहे, तेवढं माफ करून टाकू.

आपली जुनी पद्धत! तू तिला सांगितलंस का, ती कुठून आली?

मीच सांगते, तुला विसर पडला असेल. अणुवीज केंद्राच्या कॉलनीतले अमेरिकन साहेब आपल्या देशी गेले, तेव्हा त्यांच्या पोरांचे स्केट कचऱ्यात पडले. माझी आई, नवसी, त्या बंगल्यात भांडी घासायची. तिने ते भंगार म्हणून उचलले. तुझा बाप शांताराम तिथेच माळी, म्हणून बॅडमिंटनच्या सिमेंटवर दुपारी आपल्याला कुणी हटकत नव्हतं. केळव्याचा पानवाडीतला पोरगा आणि डोंगरावरची पोरगी. वर माझ्या गणिताच्या पुस्तकाला आश्रमशाळेतल्या बाईंनी रशियाच्या त्या गुळगुळीत मासिकाचं पान कव्हर म्हणून घातलेलं. त्यावर लिदिया कुराकिना. बर्फावर. तिचा जोडीदार पावेल, त्याने एका हातावर तिला डोक्याच्या वर धरलेलं, आणि ती अशी हसते आहे की खाली जमीन नावाची वस्तूच नाही.

आपण गुरू केला तो हा. एक फोटो.

फोटोत ती वर होती. वर कशी गेली ते आपण पडून-झडून शोधून काढलं. पण खाली कशी आली, ते फोटोत कुठे होतं? तू म्हणालास, 'पुढच्या अंकात येईल.' आपण सहा महिने पुढच्या अंकांची वाट बघितली. त्यात ट्रॅक्टर यायचे. शेवटी मीच म्हटलं, आमच्याकडे डोक्यावरचा गवताचा भारा उतरवतात तसं कर. खांद्यावर घे, पाठीवरून सरकव, मग सोड. सर्कशीच्या मालकाने त्याला 'सायबेरियन उतार' नाव दिलं आणि पोस्टरवर छापलं. स्केट अमेरिकेचे, नाव रशियाचं, उतार वाणगावचा. आठ वर्षं लोकांनी टाळ्या वाजवल्या.

डहाणूचा खेळ आठवतो? मी सोनेरी केसांचा टोप घालून, तोंडाला अर्धा डबा पावडर फासून, हसत फेऱ्या मारते आहे, आणि पुढच्या रांगेतून आमच्या पाड्यावरची बायडी मावशी उठून ओरडली, 'अगो, ही रशियन कुठली? ही तं नवसीची कमळी हाय!' अख्खा तंबू हसला. मालकाने भोंग्यावरून सांगितलं, 'लिदियाजींना मराठी समजत नाही.' आणि बायडी मावशी म्हणाली, 'समजत नाय तं लाजली कशाला?'

मी लिदियाची कात्रणं ठेवत गेले, हे तुला माहीत नाही. तिचा जोडीदार बदलला. नव्याने तिला सरावात पाडलं, चार महिने ती अंथरुणावर होती, आणि पाचव्या महिन्यात पुन्हा उभी राहून पदक घेऊन आली. ही बातमी मी पालघरला खाटेवर पडून वाचली. म्हटलं, चला, चार महिन्यांचं काम आहे. मी पाचव्या महिन्यात काठी घेऊन मोरीपर्यंत गेले. ते माझं पदक. पुढे ती मुलांना शिकवायला लागली, एवढं एकदा छापून आलं. मग तिचा देशच मोडला आणि मासिक बंद झालं. आता ती कुठे आहे, काय खाते, मला माहीत नाही. तिला वाणगावात एक लिदिया आहे हे माहीत नाही. फिटंफाट.

आता तुझा कागद. तू पाठवलेला मसुदा असा: 'मी लिहून देते की, दिनांक २२ फेब्रुवारी १९८१ रोजी पालघर येथे दुपारच्या खेळात माझ्या डाव्या स्केटचे चाक निखळल्यामुळे मी पडले. माझे जोडीदार चंद्रभान यांचा हात शेवटपर्यंत घट्ट होता.' शेवटपर्यंत हा शब्द छान आहे. कोणाच्या शेवटपर्यंत ते लिहिलं नाहीस.

सही करून सोबत जोडला आहे.

का केली, ते विचारू नकोस. 'चाक' हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याच तोंडून निघाला होता. आपलाच शब्द नाकारून कुठे जाऊ? मी खेळात मनगटाला बांधायचे त्या पांढऱ्या पट्टीचं तू पत्रात दोनदा विचारलं आहेस. घाबरू नकोस. ती मी तेव्हाच उकळत्या पाण्यात धुतली.

तिला खाली घेताना घाई करू नकोस. भारा उतरवताना माणूस दमलेला असतो, तिथेच चुकतं.

कमळी


वाणगाव
१५ जानेवारी १९९५

चंद्रभान,

काल तुझी बायको, लाडकी, आली होती.

तू तिला पाठवली नव्हतीस, हे मला तिने चप्पल काढायच्या आधीच सांगितलं. पानाची एक गड्डी आणि दोन नारळ घेऊन आली. खुर्ची दिली तर बसली नाही, खालीच बसली. मी म्हटलं, 'लाडकी, वर बस, मला खाली वाकता येत नाही, तुझं तोंड दिसत नाही.' तेव्हा उठली.

'ताय, तुमी कागद दिला?'

'दिला.'

'परत मागवा.'

मी म्हटलं, 'का गं? नवऱ्याला नोकरी नको?'

तर म्हणाली, 'नोकरी पायजे. पोरगी पन पायजे.' आणि मग जे बोलली ते तुझ्या दोन्ही टाइप केलेल्या पत्रांत कुठे नव्हतं. 'त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाय. दोन वर्सं झाली. तारापूरच्या कारखान्यात मशीनखाली गेली. भाकरी मोडताना पन डावा हात लावतात. शाळेत कोनाला सांगलेलं नाय. पोरगी वर जाते, ती त्यांच्या हाताला गच्च धरते म्हनून टिकते. ती त्यांना धरते, ताय. ते तिला नाय.'

तुझी सही मी चष्मा लावून पुन्हा बघितली. मुंगी नव्हती ती. डावा हात होता.

मी विचारलं, 'जमुनाला ठाऊक आहे?'

'तिलाच ठाऊक हाय. बोलते, आई, बाबांना सांगू नको मला कळलं म्हनून. त्यांना वाईट वाटंल.'

साडेअकरा वर्षांची पोर! चंद्रभान, मी पंचविसाची असताना एवढीच शहाणी होते, आणि त्या शहाणपणाचं काय झालं ते माझ्या पायाखाली जोडलेल्या दीड इंच लाकडाला विचार.

चहा झाल्यावर लाडकीने आणखी एक सांगितलं. मी विचारलं नव्हतं. 'आमच्या हळदीच्या दिवशी हे मांडव सोडून गेले. हळद लागल्यावर नवरा उंबऱ्याभायेर पडत नाय. हे बोलले, वाडीत वेलीला पानी सोडून येतो. हातात अडकित्ता घेऊन गेले. चार तासांनी आले. तोंड पांढरंफटक, आनि हाताची हळद उडालेली. माझी आजेसासू बोलली, मेल्या, हळद कोनाला पुसून आलास?'

मी पानाची गड्डी सोडून ओल्या फडक्यात बांधत बसले. तुझी बायको हुशार आहे, ती माझ्या हातांकडे बघत होती.

आता लपवण्यात काय राहिलं? त्या दुपारी पडद्यामागे तुझ्या पिशवीत मी अडकित्ता बघितला होता. विचारलं तर म्हणालास, 'बापाचा आहे, धार लावायला आणलाय.' मी मूर्ख, मला पटलं. नवऱ्या मुलाजवळ लोखंड ठेवतात हे आमच्या पाड्यावरसुद्धा लहान पोराला कळतं. तू खडूची पूड एकदा लावायचास, त्या दिवशी तीनदा लावलीस. मला वाटलं, मोठे पाहुणे आहेत, घाम फुटला असेल. बँड सुरू झाला, तीन फेऱ्या झाल्या, तू मला उचललंस. आणि वर, अगदी वर, जिथे लिदिया हसते तिथे, मला हळदीचा वास आला. तेलातल्या हळदीचा.

खडूच्या खाली तेल होतं, चंद्रभान. तुझा हात सुटला, पण त्याच्या आधी मीही क्षणभर सोडला होता. ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पडल्यावर सगळे धावले. मालक विचारत होता, काय झालं, काय झालं. माझी पट्टी पिवळी झाली होती, पाच बोटांची. मी ती दुसऱ्या हाताने झाकली आणि म्हटलं, 'चाक निखळलं.' तुला वाटतं मी तुला वाचवलं. तुला कोण वाचवत होतं? हात निसटला म्हटलं असतं, तर लोकांनी विचारलं असतं, का निसटला? आणि मग ते हळदीपर्यंत पोचले असते. आठ वर्षं सर्कशीतले लोक आपल्याला नवरा-बायको समजत होते. त्या लोकांत मीही होते. सगळ्यांसमोर ते एकदम उघडं पडणं माझ्याने झालं नसतं. कंबर मोडली तेवढं पुरे होतं.

तू मला आधी सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? दोन शिव्या दिल्या असत्या, आठ दिवस बोलले नसते, आणि त्या दिवशी खेळ केला नसता. बस्स.

असो. ते माझं होतं, मी भोगलं. ही पोर आहे. माझा कागद परत पाठव. मुलीला वर उचलायचं नाही. कमिटीला हाताचं खरं सांग. मास्तरचे डोळे लागतात, हात नाही लागत, एवढं त्यांना कळेल. नाही कळलं तर मी येऊन सांगेन.

मला शाळेला आजच पत्र टाकता येईल. टाकत नाही. तुझ्या तोंडाने सांगायला तुला आठ दिवस देते. हा मोठेपणा नाही, जुनी खोड आहे.

कमळी


वाणगाव
२४ जानेवारी १९९५

चंद्रभान,

कार्ड मिळालं. या वेळी हाताने लिहिलंस. अक्षर वाईट आहे, पण माणसाचं आहे.

'लिफ्ट रद्द. जमुना फक्त फेऱ्या मारेल. कागद कार्यक्रमानंतर परत करतो. तू म्हणालीस ते खरं होतं.' चार वाक्यं. मी दहा वेळा वाचली. तुझ्याकडून 'खरं होतं' ऐकायला मला चौदा वर्षं लागली, तेव्हा दहा वेळा काही जास्त नाही.

शाळेला लिहिलेलं पत्र मी तयार ठेवलं होतं. फाडून चुलीत घातलं.

जमुनाला सांग, डाव्या वळणावर गुडघा जास्त वाकव. फोटोत दिसतं, ती उजवीकडे भरवसा ठेवते. मी पण ठेवायचे.

जमलं तर फेब्रुवारीत तिला इकडे घेऊन ये. आकार बिघडलेल्या फुग्यांची एक गोणी तिच्यासाठी बाजूला काढली आहे.

कमळी


वाणगाव
१ फेब्रुवारी १९९५

प्रिय जमुना,

हे पत्र तुझ्या बाबांना नाही, तुला आहे. तुझ्या आईच्या हाती देते आहे, म्हणजे मधे कुणी फोडणार नाही. त्यांना मी आता काही लिहिणार नाही. लिहायचं होतं ते सगळं चुकीच्या माणसाला लिहून संपलं.

परवा मी बोईसरला तुला बघायला आले, तेव्हा तू औषधाने गुंगीत होतीस. काय आठवतं, काय नाही, म्हणून पुन्हा लिहिते.

तुझ्या आईने मला सगळं सांगितलं. सव्वीस तारखेला झेंडा झाला, भाषणं झाली. मग मुख्याध्यापकांनी माईकवरून माझा कागद वाचला. सहीसकट. 'चंद्रभान यांचा हात शेवटपर्यंत घट्ट होता.' लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू फेऱ्या मारल्यास. पाहुणे म्हणाले, अहो, ती रशियन लिफ्ट कुठे आहे? आणि तुझ्या बाबांनी तुझ्याकडे बघितलं. तू मान हलवलीस. तू का हलवलीस ते मला कुणी सांगायला नको.

वर तू गेलीस. खाली येताना दोन बोटं मिटली नाहीत.

तुझ्या कमरेचं हाड मोडलं आहे. डॉक्टर म्हणतात, पोर चालेल, पण कसं ते आज सांगता येत नाही. मी तुला खोटा धीर देणार नाही. मीही लिदियाची बातमी वाचून चार महिने मोजत बसले होते.

मी तुझ्या खाटेजवळ बसले तेव्हा तू डोळे उघडलेस आणि पहिलं वाक्य बोललीस, 'मावशी, चाक निखळलं.'

मी विचारलं, 'कुठलं गं?'

तू म्हणालीस, 'डावं.'

जमुना, मीही डावंच सांगितलं होतं. तुला ते कुणी शिकवलं नाही. माझ्या कागदाने शिकवलं. तो कागद माईकवरून तुझ्या कानात गेला, आणि तू पडलीस तेव्हा तयारच होता. तुझ्या कमरेवर तुझ्या बाबांचा हात जेवढा आहे, तेवढाच माझाही आहे. मला पत्र टाकायला आठ दिवस होते. मी ते एका कार्डावर घालवले, कारण त्यावर मला हवं होतं ते लिहिलं होतं.

तू पुन्हा झोपलीस. तुझे स्केट खाटेखाली होते. मला वाकता येत नाही, म्हणून तुझ्या आईला ते वर काढायला लावले. मांडीवर घेऊन चाकं मोजली. एका पायाची चार, दुसऱ्याची चार. प्रत्येक फिरवून बघितलं. आठही घट्ट.

एक्क्याऐंशी साली कुणी मोजली नाहीत. मोजली असती तर आठच भरली असती.

सोबत एक पट्टी पाठवते आहे. ही मी धुतली, असं तुझ्या बाबांना लिहिलं होतं. धुतली नव्हती. ट्रंकेत तळाशी होती, लिदियाच्या कात्रणांखाली. पिवळं आता तपकिरी झालं आहे, पण पाच बोटं ओळखू येतात. त्या दिवशी मी ती झाकली. पुढची चौदा वर्षं मी ती झाकण्यातच घालवली, आणि लोकांना सांगत फिरले की फुगे फुगवते. तू ती उघडी ठेव. बाबांचा राग कर असं मी म्हणत नाही. त्यांच्यावर माया असू दे. माझीही होती. पण मायेपोटी चाक मोडायचं नाही.

शुक्रवारी कमिटीचे लोक विचारायला येणार आहेत. मीही येणार आहे, रिक्षा सांगून ठेवली आहे. माझा कागद खोटा होता, हे मी तुझ्याआधी बोलेन. मग तुझ्याकडे वळतील. बाबा कोपऱ्यात उभे असतील, त्यांच्याकडे बघू नकोस. तुझ्या आईला स्केट मांडीवर ठेवायला सांग आणि त्यांच्यासमोर चाकं मोज.

मोठ्याने मोज.

तुझी
कमळी मावशी